जहाजावरचे माठ

हुरडा आला की मला डिझेलचा वास येतो. हे चारचौघांत सांगायची सोय नाही. पौषातलं कोवळं ऊन असतं, गंगापूर रस्त्यावर कुणाच्या तरी शेतात आगटी पेटलेली असते, कुणीतरी गरम कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे पुढं करतं, बाकीचे डोळे मिटून माना डोलावतात, आणि माझ्या नाकात मात्र डिझेल, ओला दोरखंड आणि सुकत घातलेली मासळी असा मिळून एक वास शिरतो. मी दाणे तोंडात टाकते, चटणीचं बोट चाटते आणि गप्प बसते. कारण एकदा सांगायला लागलं की ते हुरड्यावर थांबत नाही, थेट समुद्रावर जातं, आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरात समुद्राबद्दल फार बोलणारा माणूस थोडा वाया गेलेला समजला जातो.

यंदा मात्र सांगावंच लागणार असं दिसतं. गेल्या आठवड्यात आईला एक फोन आला. तिला आता फोनवरची नावं दिसत नाहीत, म्हणून मीच स्पीकर लावून फोन तिच्या पुढ्यात धरला. पलीकडून एक भारदस्त बायकी आवाज आला, "बाई, मी शमीम. सिल्लोडची. शेवटच्या बाकावरची."

आई क्षणभरही अडखळली नाही. "खिडकीकडची का भिंतीकडची?"

"खिडकीकडची."

आणि दोघी हसत सुटल्या. शमीम आता स्वतः आजी झालीय, सिल्लोडला तिच्या घरचा मक्याचा व्यापार आहे. "रविवारी हुरडा घेऊन येते बाई," ती म्हणाली. "एक विचारायचं बी राहिलंय तुम्हाला. तेव्हाचंच." फोन ठेवल्यावर आई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. काय विचारायचं राहिलंय ते तिला ठाऊक होतं, आणि मलाही. आमच्या घरात तो प्रश्न इतक्यांदा सांगून झालाय की शमीमला न बघताच मी तिला ओळखते.

आई सिल्लोडच्या शाळेत भूगोल शिकवायची. सगळी नोकरी तिथंच. बाहेर कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला असायचा, आणि आत ही बाई भरती-ओहोटी शिकवत असायची. परातीत पाणी घ्यायची, एका कडेला वाळू आणि खडे मांडायची आणि परात हळूच कलती करायची. पाणी खड्यांवर चढायचं, ही भरती. परात दुसरीकडं कलायची, खडे उघडे पडायचे, ही ओहोटी. पाणी वर्गातल्या माठातलं असायचं, म्हणून तास संपला की ते न सांडता दारातल्या लिंबाच्या झाडाला घालायचं, हाही धड्याचाच भाग. एकदा परात अशी कलती असताना शेवटच्या बाकावरून शमीमनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितला का हो समुद्र?" आई म्हणाली, "नाय बघितला. पण आहे."

मी वाळूजला एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. कशावरही चटकन विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. 'नाही बघितलं, पण आहे' असा शेरा मी एखाद्या खोक्यावर मारला तर साहेब मलाच खोक्यात घालून परत पाठवतील. त्यामुळे आई ही गोष्ट अभिमानानं सांगायची तेव्हा मला ती जरा पळवाटच वाटायची. तिची ती खात्री आली कुठून, हे मला उशिरा कळलं.

ती आली होती अजिंठ्याहून. आईचं माहेर तिथलं. तिचे वडील लेण्यांत उजेड दाखवायचं काम करायचे. एकजण बाहेर उन्हात चकचकीत पत्रा धरून उभा राहायचा आणि ऊन आत फेकायचा. आत आजोबा दुसऱ्या पत्र्यावर ते झेलायचे आणि भिंतीवर फिरवायचे. उजेडाचा तेवढा गोल जिथं जाईल तिथलं चित्र जागं व्हायचं आणि बाकीची भिंत अंधारात राहायची. आई लहानपणी त्यांच्या पायाशी बसून असायची. एका लेण्यात त्यांनी तिला जहाज दाखवलं होतं, तुकड्या-तुकड्यानं. आधी एक शीड, मग दुसरं, मग तिसरं. मग वल्हं. आणि मग मागच्या बाजूला, छपराखाली ओळीनं मांडून ठेवलेले माठ. "हे माठ कशाला?" तिनं विचारलं होतं. "प्यायच्या पाण्याचे," आजोबा म्हणाले. "चहूकडं पाणी आहे ना त्याच्या?" "ते पिता येत नाय." एवढ्याशा पोरीला ते केवढं नवल वाटलं असेल. चहूकडं पाणी, आणि प्यायला माठ. समुद्र खरंच असतो, हे तिला त्या माठांनी पटवलं. शिडं कुणीही काढील, पण माठ आठवणीनं कोण काढतं, असं ती अजून म्हणते.

निवृत्त झाल्यावर तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेनं दिसेनासं होत गेलं. समोरचं दिसायचं, पण तेवढंच, कागदाच्या नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून जितकं राखता येईल तितकं राखायचं. दवाखान्यातून घरी आल्यावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "सगळं जायच्या आधी मला एकदा भरती येताना बघायचीय." समुद्र बघायचाय असं नाही म्हणाली. भरती, आणि तीही येताना.

म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही त्या लहान जहाजावर गेलो. जुनी बंदरं आणि जलदुर्ग दाखवत कोकणच्या किनाऱ्यानं खाली जाणारी अभ्याससहल होती ती. माणसं जेमतेम तीस-पस्तीस, त्यातली निम्मी आमच्या गावची. बरोबर नाईक सर म्हणून एक इतिहासाचे प्राध्यापक होते. सकाळी डेकवर फळा मांडून ते शिकवायचे, दुपारी होडीतून उतरून तीच जागा दाखवायचे. जहाज चालवणारे तांडेल रेवदंड्याकडचे होते, बोलायला कमी आणि खोकायला जास्त. आमच्या शेजारच्या खोलीत रफीकभाई होते, शहागंजातले घड्याळजी, दुकान मुलाच्या ताब्यात देऊन समुद्र बघायला निघालेले. रोज सकाळी ते आईला "जयभीम बाई" म्हणायचे आणि आई त्यांना "सलाम रफीकभाई" म्हणायची, आणि दोघं मिळून आईनं आणलेल्या डब्यातला भाजका हुरडा खायचे. जहाजावरची पोरं सुकटीची चटणी आणून द्यायची. हुरडा आणि सुकट हे कुठल्याही शहाण्या माणसानं जोडलं नसतं, पण लागायचं झकास.

पहिल्याच संध्याकाळी आईनं नाईक सरांना गाठलं. "सर, भरती येताना दिसंल ना?"

नाईक सर मोकळेपणी म्हणाले, "बाई, खरं सांगतो, नाही दिसणार. आपलं वेळापत्रकच असं बेतलंय की भरलेल्या पाण्यात पोचायचं, होडी लावायची, बघायचं आणि पाणी उतरायच्या आत निघायचं. येताना बघायची तर एका जागी ताटकळत बसावं लागेल, आणि त्याला कुणी पैसे देत नाही."

आईनं मान हलवली. तिची समजूत फार लवकर पटते, आणि मला त्याचाच राग येतो. मी सरांशी वाद घालायला निघाले तर तिनं माझा हात धरून ठेवला.

चौल आठवतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, खाली गारवा, आणि मातीत जुन्या भांड्यांचे तुकडे. नाईक सर म्हणाले, "तुमच्या पैठणचं कापड घाट उतरून इथं यायचं आणि इथून जहाजानं जायचं." मी जन्मभर पैठणकडं लग्नांना आणि धरणाची पातळी बघायला गेलेली बाई. आमच्या गोदाकाठच्या मागावर विणलेलं कापड या वाडीतून चालत जाऊन लाटांवर चढलं असेल, या कल्पनेनं मला खालीच बसायला झालं. एक खापरी मी हातात घेतली आणि नेहमीच्या सवयीनं उलटसुलट करून बघितली. तिच्या कडेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. आईनं त्या ठशावर आपला अंगठा ठेवला, तो बरोबर बसला, आणि ती म्हणाली, "म्हंजे हे आपलंच बंदर की." इतका वेळ इथं पाहुणी असल्यासारखी वावरणारी ती, त्यानंतर वाडीतल्या बायकांशी घरच्यासारखी बोलायला लागली.

भरती मात्र दिसेना. खाडीत जाताना पाणी होतं, परतताना चिखल होता. एकाचं दुसरं केव्हा झालं ते आम्ही भांड्यांचे तुकडे बघत असताना होऊन गेलं होतं.

आणि मग पाण्याचं प्रकरण झालं. ते आमच्याच गावच्या माणसांकडून होऊ शकत होतं. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवड्यातून कधीतरी. त्यामुळे कुठंही नळ वाहताना दिसला की आमचा हात आपोआप बादलीकडं जातो, हे शिकवावं लागत नाही. चौलहून निघालो त्या संध्याकाळी आईनं खोलीतला नळ हात धुवायला सोडला, धार चांगली मोठी आली, आणि तिचा हात बादलीकडं गेला. बादली भरली. तांब्या भरला. बाटल्या भरल्या. हुरड्याचा एक डबा रिकामा झाला होता, तो भरला. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि रफीकभाईंचा दबका आवाज आला, "बाई, पानी आया क्या?"

"आलंय. लवकर भरा, जोर चांगलाय."

बस. आमच्या गल्लीत जशी बातमी फिरते तशी ती जहाजाच्या बोळातून फिरली. दारं उघडली, बादल्या वाजल्या. एका काकूंनी घरून घडीची प्लॅस्टिकची कॅन आणली होती, ती फुगवून भरली. जहाज मोकळ्या समुद्रात येऊन डुलायला लागलं तशा सगळ्या बादल्या हिंदकळायला लागल्या आणि निम्मं पाणी बोळातून वाहत गेलं. सकाळी एकाही नळाला थेंब नव्हता.

तांडेल खोल्याखोल्यांतून फिरले. प्रत्येक दारामागं त्यांना अर्धी भरलेली बादली दिसली. शेवटी ते डेकवर येऊन उभे राहिले, बराच वेळ खोकले आणि नाईक सरांना म्हणाले, "टाकी रिकामी. सगळं पाणी खोल्यांत आणि बोळात. दिघीला लागून पाणी घेतल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही." नाईक सरांनी घड्याळ बघितलं, मग भरतीचा तक्ता बघितला. "म्हणजे सुवर्णदुर्गाला आपण ओहोटीत पोचणार. होडी खडकांना लागणार नाही. किल्ला लांबूनच बघावा लागेल."

डेकवर कुजबुज सुरू झाली. निम्मी माणसं पुण्या-मुंबईची होती, नळ हवा तेव्हा येतो अशा समजुतीची, आणि ती आमच्याकडं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई उभी राहिली. "सुरुवात मी केली," ती म्हणाली. "पाणी आलं की भरायचं, एवढंच आमच्या अंगात मुरलंय. पण सर, जहाजावर पाणी भरून ठेवणं काय आजचं हाय का? अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावर बी माठ भरून ठेवलेत."

मला वाटलं आता लोक हसतील. पण तांडेल एक पाऊल पुढं आले. "चित्रात माठ आहेत?"

"ओळीनं. मागच्या अंगाला, छपराखाली."

"आहेत," नाईक सर म्हणाले. "बाई बरोबर सांगतायत."

"अजिंठा समुद्रापासून किती लांब?" तांडेलांनी विचारलं.

"लई लांब. घाट चढून, आणि मग पुढं कितीतरी."

तांडेल खोकले. "मग तो चितारी कधीतरी जहाजावर राहिलेला असणार. नुसता किनाऱ्यावरून बघणारा माणूस शिडं काढतो. माठ तहान लागलेलाच काढतो." एवढं बोलून ते जहाज वळवायला निघून गेले. त्यांनी आमच्यावर न चिडण्याची एवढी मेहरबानी का केली ते मला तेव्हा कळलं नाही.

दिघीच्या धक्क्यावर आमच्यासाठी टँकर आला. खरोखरचा पाण्याचा टँकर, मागं तीच गळकी तोटी, तोच जाडा निळा पाइप. रफीकभाई कठड्याला टेकून त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मैं समुंदर देखने आया, और यहाँ भी टँकर." आमच्या गावची सगळी माणसं पोट धरून हसली. पुण्या-मुंबईच्यांना त्यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आई मात्र हसली नाही. ती खोलीत जाऊन पाठ करून पडून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "लोकांचा किल्ला माझ्यापायी गेला बघ." स्वतःच्या भरतीचं नाव तिनं काढलं नाही. मी चिडले, तिच्यावर नव्हे, नेमकं कुणावर तेही मला सांगता आलं नसतं, आणि तिच्या डोळ्यांत थेंब घालून बाहेर आले.

सुवर्णदुर्गासमोर पोचलो तेव्हा पाणी खरंच उतरलेलं होतं. किल्ला समुद्रात उभा, आणि त्याच्या पायाशी काळे खडक उघडे पडलेले, शेवाळानं हिरवट, मधे मधे डबकी. एवढे दगड रचणाऱ्यांनी ते पाण्यातून आणले कसे, ओहोटीच्या तेवढ्या अवधीत चढवले कसे, याचा हिशेब माझ्या डोक्यात बसेना, आणि मी तो करणं सोडून दिलं. तांडेलांनी नांगर टाकायला सांगितला. नाईक सर म्हणाले, "पुढं जायचं ना?" तांडेल म्हणाले, "थांबू. उशीर झालाच आहे. पाणी चढलं की होडी लावू. तोवर बाईंना बघू दे." त्यांनी आईसाठी खुर्ची आणवली आणि कठड्याजवळ स्वतः सरळ करून ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या संध्याकाळी आईनं नाईक सरांना विचारलं ते सुकाणूशी उभ्या या माणसानंही ऐकलं होतं.

ठरल्या वेळी पोचलो असतो तर आम्हाला ते दिसलंच नसतं.

आधी काहीच होत नव्हतं. समुद्र नुसता पडून होता. आईला सगळा समुद्र दिसत नव्हताच, तिच्या नळीत मावेल तेवढाच. म्हणून तिनं एक खडक धरला, सगळ्यांत पुढचा, आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही. मग म्हणाली, "ही सुरेखा. पुढच्या बाकावरची. हिला सगळ्यांच्या आधी कळायचं." थोड्या वेळानं त्या खडकाच्या बुडाशी पाण्याची एक रेघ आली, गेली, परत आली, आणि परत जाताना थोडी मागंच राहिली. "सुरेखाचे पाय भिजले," आई म्हणाली. मग नजर सरकवून दुसरा खडक. त्याचं नाव कांता. तिसरा, चौथा. वर्गाची हजेरीच सुरू झाली. सगळ्यांत मागं, तटाजवळ, एक उंच टोकदार खडक होता. "ती शमीम," आई म्हणाली. "ती शेवटपर्यंत मान वर काढून बसणार."

लोक हळूहळू आमच्याभोवती येऊन बसले. पुण्या-मुंबईचे पण. रफीकभाईंनी जहाजभर हाक दिली, "सुरेखा डूब रही है, आओ." पाणी चढत होतं आणि ते चढताना कुणाला दिसत नव्हतं. चढलेलं दिसायचं. मी डोळे ताणून बघत होते, मला तो क्षण पकडायचा होता, आणि तो दर वेळी माझ्या पापणीच्या मागून निघून जायचा. एवढं अवजड पाणी, क्षितिजापासून इथपर्यंतचं, कुणी तरी उचलून आणत होतं आणि आवाजसुद्धा होत नव्हता. मी विज्ञान शिकलेली आहे, चंद्र काय करतो ते मला पाठ आहे. पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला आणि तो बराच वेळ गेला नाही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट खरीच निघाली तर माणसाला एवढी भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं. भीती नव्हे. हात जोडावेसे वाटले, आणि मी काही हात जोडणाऱ्यांतली नाही.

आई मात्र रडत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम. "बघ, कांता गेली. बघ, आता डबकी जोडली जातील. मी असंच सांगायचे. परातीत असंच व्हायचं." तिनं एकदा माझ्याकडं वळून बघितलं, आणि मी तिच्या नळीत आल्याबरोबर हसली. मग लगेच परत खडकाकडं वळली, जणू तास चालू असताना वर्गाच्या दाराशी आलेल्या पाहुण्याला थांबायला सांगितलं. शेवटी शमीमच तेवढी उरली. पाणी तिच्या खांद्याशी आलं, मानेशी आलं, एक लाट वरून गेली, परत डोकं दिसलं. मग दिसलं नाही. आई म्हणाली, "तास संपला."

होडी लावली तेव्हा नाईक सरांनी आईला जहाजावरच थांबायला सुचवलं. हलत्या होडीतून खडकावर उतरायचं, आणि तिला पायाखालचं दिसत नाही. सर काळजीनंच बोलत होते, आणि पहिल्यांदाच मीही त्यांच्या बाजूनं होते. आई म्हणाली, "मी सिल्लोडच्या जीपमधून उतरलेय सर, मागच्या फळीवरून, चालू गाडीतून. आता फक्त कुणी सांगा, कधी." तांडेलांनी तिचा एक हात धरला, मी दुसरा. होडी खाली गेली, वर आली. "आता," तांडेल म्हणाले, आणि तिनं न बघता पाय टाकला. तिच्या चपलेखाली खडक होता.

दरवाजाच्या पायरीवर एक कासव कोरलेलं आहे. नाईक सर ते बोटानं दाखवत होते, आईला दिसत नव्हतं. मग ती खाली बसली आणि तळहातानं दगड चाचपत गेली. पाठ सापडली, मान सापडली, चारी पाय सापडले. "आहे," ती म्हणाली.

आत, रान माजलेल्या तटांच्या मधोमध विहीर आहे. रफीकभाईंनी दोरीला बाटली बांधून पाणी काढलं, धाडसानं आधी स्वतः चाखलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की आम्ही सगळे घाबरलो. "मीठा है," ते म्हणाले. मग बाटली हातोहात फिरली. मी जिभेवर एक थेंब घेतला, थांबले, दुसरा घेतला. कामावर मी एवढ्या काळजीनं कधी काही तपासलं नसेल. चहूकडं खारा समुद्र, तटावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज कानात, आणि तोंडात गोडं पाणी. कातळात मुरलेलं पावसाचं पाणी हे, सरांनी कारण सांगितलं आणि मला ते पटलंही. तरी सगळे विहिरीच्या काठाशी उभेच राहिले, कुणाला तिथून हलवेना. आमच्या गावच्या माणसांना तर विशेषच. कुणीही बाटली भरून घेतली नाही. घडीची कॅन आणलेल्या काकूंनी सुद्धा एक घोट घेतला, दोरी पुढं दिली आणि हात पुसले.

त्याला आता तीन हुरडे झाले. रविवारी शमीम आली, बरोबर हुरडा, लसणाची चटणी आणि नातीचा फोटो. नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं होतं. आई न्हाणीघरात ड्रमपाशी पाटावर बसली होती. हल्ली पाणी ती एकटीच भरते, मला भरू देत नाही. पाइप ड्रममध्ये सोडते, ड्रमच्या आत कडेला पाचही बोटं टेकवते, करंगळी खाली, अंगठा वर, आणि वाट बघते. करंगळी भिजली की म्हणते, सुरेखा. मग कांता. अंगठा भिजला की नळ बंद करते, ड्रम काठोकाठ भरत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनाही जोर मिळाला पाहिजे, असं म्हणते.

शमीम दारात उभी राहिली. पन्नाशी उलटलेली धिप्पाड बाई, पण आईपुढं एकदम शेवटच्या बाकावर गेली. आईनं मान वळवली, तिच्याकडं नाही, जरा बाजूला, चाहूल लागली असं वाटलं त्या अंगाला. शमीमनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांकडं बोट करून नकारार्थी मान हलवली. तिला कळलं. ती खाली बसली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि विचारावं की नको असं करत शेवटी विचारलंच.

"बाई, मग तुम्ही बघितला का हो समुद्र?"

पाणी अंगठ्याशी आलं होतं. आईनं चाचपत नळ बंद केला, ओला हात पदराला पुसला आणि शमीमच्या डोक्यावर ठेवला.

"बघितला," ती म्हणाली. "अजून दिसतोय. तू मान वर काढून बसलीयस."